पीपल्स कॉलेजच्या नावातील षष्ठी : मराठवाड्यातील संस्थांची नावे, व्याकरण आणि इतिहास

प्रस्तावना

नांदेड येथील पीपल्स कॉलेज १९५० साली सुरू झाले. हे नाव रोमन लिपीत लिहिताना 'पीपल' या शब्दानंतर वरच्या बाजूस अपॉस्ट्रॉफीचे चिन्ह देऊन मग 'एस' लिहावा, 'एस'नंतर ते चिन्ह द्यावे, की चिन्ह मुळीच देऊ नये, हा प्रश्न वरवर पाहता इंग्रजीच्या प्राध्यापकांनी स्टाफरूममध्ये चहाबरोबर सोडवावा अशा स्वरूपाचा आहे. छापील मजकुरात व संगणकीय नोंदींत हे नाव चिन्हासह आणि चिन्हावाचून अशा दोन्ही प्रकारे आढळते. त्याने कोणाचे काही अडले आहे असे दिसत नाही. मग इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष का घालावे?

याचे उत्तर असे की, हे चिन्ह षष्ठीचे आहे आणि षष्ठी ही स्वामित्वाची विभक्ती आहे. कोणती वस्तू कोणाची, हे सांगण्याचे काम ती करते. ज्या प्रदेशाने १९४८ पर्यंत निजामाची सत्ता अनुभवली, त्या प्रदेशात 'कोणाचे' हा प्रश्न केवळ व्याकरणाचा असू शकत नव्हता. संस्थेच्या नावातील एखाद्या पदासाठी येथील समाजाने किती मोल मोजले आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत केला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मधल्या काळात माणसे मारली गेली, दलित वस्त्या जळाल्या. 'अंतर' आणि 'विस्तार' या दोन उत्तरपदांमध्ये जे अंतर आहे, ते या सोळा वर्षांचे आहे. त्या तुलनेत अपॉस्ट्रॉफी क्षुल्लक होय, हे मान्यच आहे. तथापि क्षुल्लक खुणा मोठ्या स्थित्यंतरांची साक्ष देतात, हा इतिहासलेखनातील नित्याचा अनुभव आहे. प्रस्तुत लेखात विसाव्या शतकातील हैदराबाद संस्थान व मराठवाडा यांतील काही संस्थांच्या नावांमधील षष्ठीचा या दृष्टीने विचार केला आहे.

चिन्हाचा पूर्वेतिहास

अपॉस्ट्रॉफी हे मुळात स्वामित्वाचे चिन्ह नव्हे, लोपाचे चिन्ह होय. एखादे अक्षर गळाले की त्याची जागा दाखविण्यासाठी ते योजले जाई. संस्कृतातील अवग्रह लुप्त झालेल्या अकाराची जागा दाखवितो, त्याचाच हा दूरचा भाऊबंद. सोळाव्या शतकात फ्रेंच मुद्रणाच्या प्रभावाने ते इंग्रजीत आले. प्राचीन इंग्रजीत अनेक नामांना षष्ठीचा स्वरयुक्त 'एस्' प्रत्यय लागत असे. पुढे त्यातील स्वर उच्चारातून गेला आणि त्या गेलेल्या स्वराच्या जागी हे चिन्ह बसले. षष्ठीसाठी ते नियमाने वापरण्याची पद्धत सतराव्या-अठराव्या शतकांत स्थिरावली. अनेकवचनी नामात 'एस'नंतर चिन्ह देण्याचा संकेत तर त्याहूनही उशिरा रूढ झाला. आज ज्याला अढळ नियम समजले जाते, त्याचे वय असे बेताचेच आहे.

मराठीने विरामचिन्हे इंग्रजीकडून घेतली. मेजर थॉमस कँडी यांचे 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक १८५० चे. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह ही सारी मंडळी मराठी पानावर आली व येथलीच होऊन राहिली. षष्ठीदर्शक अपॉस्ट्रॉफी मात्र आली नाही, कारण तिला येथे कामच नव्हते. चा, ची, चे हे प्रत्यय स्वतःच पुरेसे बोलके आहेत. शिवाय मराठीची षष्ठी इंग्रजीहून वेगळ्या स्वभावाची आहे. तिचा प्रत्यय स्वामीला लागतो, पण लिंग-वचन पाळतो ते मालमत्तेचे : लोकांचा वाडा, लोकांची शाळा, लोकांचे कॉलेज. नाम असूनही ती विशेषणासारखी वागते. पाणिनीय परंपरेने षष्ठीला कारकांत स्थान दिलेले नाही. इतरत्र न सामावणारे संबंध तिच्याकडे सोपविले आहेत. तिचा मुख्य अर्थ स्वस्वामिभाव, परंतु एवढाच अर्थ नव्हे. 'शाहूंची प्रतिमा' म्हणजे शाहूंच्या मालकीची की शाहूंचे दर्शन घडविणारी, हे प्रत्यय सांगत नाही. ते प्रसंगावरून ठरते.

इंग्रजीत एका शिक्षकाचे आणि अनेक शिक्षकांचे यांतील भेद चिन्हाच्या जागेवरून कळतो. मराठीत तेच काम अनुस्वार करतो. 'शिक्षकाचा क्लब' आणि 'शिक्षकांचा क्लब' यांत एका बिंदूचा फरक आहे. अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार द्यावा, हा नियम मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांत आहे आणि फलक रंगविणारे कारागीर तो वर्षानुवर्षे मोडीत आले आहेत. एका बिंदूच्या अभावी 'शेतकऱ्यांचा बाजार' हा 'शेतकऱ्याचा बाजार' होतो. त्यावर कोणी वाद घालत नाही. इंग्रजी चिन्ह गळाले की मात्र आपल्याला संकोच वाटतो, ही आपल्या भाषिक मनोवृत्तीबद्दलची एक गोष्ट जाताजाता नोंदवून ठेवावी.

निजामाची षष्ठी

हैदराबाद संस्थानाच्या इंग्रजी व्यवहारात षष्ठीचे चिन्ह सर्वप्रथम कोणाच्या नावास लागलेले दिसते? अर्थातच निजामाच्या. राज्याचा अधिकृत उल्लेख 'निजामाचे मुलूख' अशा अर्थाच्या षष्ठ्यन्त पदाने होत असे. नांदेडला आगगाडी आली ती मनमाड ते सिकंदराबाद या हैदराबाद-गोदावरी खोरे मार्गाने, एकोणिसावे शतक संपून विसावे सुरू होण्याच्या सुमारास. हा मार्ग चालविणाऱ्या कंपनीचे नाव 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे' असे होते. येथे 'निजाम' या शब्दानंतर चिन्ह व 'एस' असे लेखन होई.

हे नाव व्याकरणदृष्ट्या बिनचूक होते, वस्तुस्थितीच्या दृष्टीने ते तसे नव्हते. रेल्वे कंपनीची होती. निजाम सरकारने भांडवलावरील व्याजाची हमी घेतली होती. नावातील 'गॅरंटीड' हा शब्द त्याच हमीचा. संस्थानाने ही रेल्वे स्वतःकडे घेतली ती १९३० मध्ये. म्हणजे त्यापूर्वीची काही दशके नावातील षष्ठी निजामाची होती, नफा भागधारकांचा होता आणि हमीचा बोजा अखेर रयतेच्या महसुलावर होता. षष्ठी दावा करते, पुरावा देत नाही, याचे याहून बोलके उदाहरण प्रस्तुत लेखकास आढळलेले नाही.

लातूरची कथा थोडी वेगळी. तेथे १९११ मध्ये पोहोचलेली अरुंद मापाची गाडी बार्शी लाइट रेल्वेची होती. तिच्या नावात गावाचे नाव व गाडीचा प्रकार एवढेच होते, कोणाचेही स्वामित्व नव्हते. एकाच संस्थानातील दोन गावे, आणि दोन्ही गाड्यांच्या नावांची घडण मात्र निराळी. हैदराबाद शहरात तर एकाच शब्दाच्या दोन तऱ्हा आजही नांदत आहेत. १८८७ पासूनचे निजाम कॉलेज षष्ठीवाचून लिहिले जाते, तर निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस ही संस्था चिन्हासह. मराठी बोलणाऱ्या रयतेने या राज्यास 'मोगलाई' म्हटले. त्या नावात निजामही नव्हता आणि त्याची षष्ठीही नव्हती.

संस्थानांची प्रजा

१९२७ मध्ये मुंबईत देशी संस्थानांतील प्रजेची अखिल भारतीय परिषद स्थापन झाली. जवाहरलाल नेहरू १९३९ मध्ये लुधियाना येथे तिचे अध्यक्ष होते आणि १९४८ मध्ये ती काँग्रेसमध्ये विलीन झाली. या संघटनेच्या इंग्रजी नावात 'स्टेट्स' आणि 'पीपल्स' असे दोन शब्द लागोपाठ येतात. दोन्हींच्या शेवटी 'एस' आहे आणि चिन्हाबाबत कमालीची अनिश्चितता आहे. काही ग्रंथांत दोन्ही शब्दांस चिन्ह आहे, काहींत केवळ दुसऱ्यास; दुसऱ्यातही ते कधी 'एस'च्या आधी, कधी नंतर.

हा केवळ मुद्रितशोधकाचा गोंधळ नव्हे. चिन्ह 'एस'च्या आधी असेल तर अर्थ 'लोकांची परिषद' असा होतो. नंतर असेल तर 'लोकसमूहांची परिषद', म्हणजे प्रत्येक संस्थानातील जनता हा एक स्वतंत्र समूह ठरतो. संस्थानी प्रजा ही भारतीय जनतेचाच भाग की शेकडो निरनिराळ्या प्रजा, हा त्या काळातील मुख्य राजकीय प्रश्न होता आणि तो चिन्हाच्या जागेत दडलेला आहे. 'स्टेट्स' या पहिल्या षष्ठीचा अर्थ तर आणखी बोचरा आहे. तिच्यात लोक हे स्वामी नाहीत. ते संस्थानांचे आहेत. मराठीत या परिषदेस 'प्रजा परिषद' म्हटले गेले आणि 'प्रजा' या शब्दात राजा गृहीतच असतो.

हैदराबादेत यापुढची पायरी गाठली गेली. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. सरकारचा एक प्रमुख आक्षेप नावातील 'काँग्रेस' या शब्दावर होता. त्या शब्दाने संस्थानाबाहेरील संघटनेशी नाते सुचते, असे सरकारचे म्हणणे. एका शब्दापायी सत्याग्रह झाला, स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारावास पत्करला. बंदी उठली ती १९४६ मध्ये. दरम्यान मराठी भागातील कार्य महाराष्ट्र परिषदेच्या नावाने चालले. तिची अधिवेशने परतूर (१९३७), लातूर (१९३८) व नांदेड जिल्ह्यातील उमरी (१९४१) येथे भरली. 'महाराष्ट्र परिषद' या नावात विभक्ती प्रत्यय नाही, तो समास आहे. पण निजामाच्या मुलुखात उभे राहून स्वतःच्या भूमीस 'महाराष्ट्र' म्हणणे, हे स्वामित्वाचे विधान प्रत्ययाशिवायही पुरेसे स्पष्ट होते.

'पीपल्स' हे नाव

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे १९५० मधील नांदेडच्या नावाचे वेगळेपण कळते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने नांदेड एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि तिने महाविद्यालय काढले. त्यास एखाद्या देवतेचे, संस्थानिकाचे किंवा देणगीदाराचे नाव न देता 'पीपल्स' म्हटले गेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी सत्ता संपून दोन वर्षेही पूर्ण व्हायची होती किंवा नुकतीच झाली होती. राज्यघटना त्याच वर्षी २६ जानेवारीस अमलात आली होती आणि तिच्या उद्देशिकेतील कर्ता 'लोक' हाच आहे. त्या दशकात हा शब्द सर्वत्र होता. इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन १९४३ ची, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची पीपल्स एज्युकेशन सोसायटी ८ जुलै १९४५ ची. या सोसायटीचे औरंगाबादचे महाविद्यालयही १९५० मध्येच सुरू झाले. तेच आजचे मिलिंद. औरंगाबादचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले, हे वाचकांस ठाऊक आहेच. एकाच वर्षी, एकाच मराठवाड्यात, दोन निरनिराळ्या विचारधारांच्या दोन संस्थांनी 'लोकांचे' ही षष्ठी उच्चारली, ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

'निजामाचे' या जागी 'लोकांचे' हा पर्याय जाणीवपूर्वक निवडला गेला, असे सांगणारे विधान प्रस्तुत लेखकापाशी नाही आणि तसा दावाही नाही. परंतु निजामाच्या नावाची रेल्वे ज्या स्टेशनावर थांबत असे, त्याच गावात दोन वर्षांत हे नाव उभे राहिले, एवढे नमूद करणे पुरे. १९२७ च्या नावात लोक हे षष्ठीच्या उजवीकडे होते. ते कोणाचे तरी होते. १९५० च्या नावात ते डावीकडे आले, आणि आता काहीतरी त्यांचे झाले.

या ठिकाणी चिन्ह गाळण्याच्या बाजूचा युक्तिवाद तपासला पाहिजे, कारण तो अगदीच निराधार नाही. संस्थांच्या नावांत चिन्ह न देण्याची परंपरा इंग्रजीतही आहे. कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न टीचर्स कॉलेज चिन्हावाचून लिहिले जाते. ऑक्सफर्डचे ऑल सोल्स कॉलेज तसेच. १९१७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली लायन्स क्लबची चळवळ आपल्या नावात चिन्ह देत नाही. तो सिंहांच्या मालकीचा क्लब नव्हे, सभासदांचे नावच 'लायन' आहे. अमेरिकेतील भौगोलिक नावांचे मंडळ १८९० पासून स्थळनामांतील स्वामित्वदर्शक चिन्ह टाळत आले आहे आणि त्याने मोजकेच अपवाद मान्य केले आहेत. या नावांमध्ये पहिले पद षष्ठ्यन्त नसून विशेषणासारखे आहे, असे समर्थन केले जाते. जिल्ह्याच्या ठिकाणी आढळणारा ऑफिसर्स क्लब, लेडीज क्लब, टीचर्स कॉलनी यांना हे समर्थन लागू पडते. लेडीज क्लब हा स्त्रियांच्या मालकीचा असतो असे क्वचितच. तो स्त्रियांसाठी असतो. शिवाय आपल्या बोलण्यात 'लेडीज' हे एकवचन केव्हाच झाले आहे. 'एक लेडीज आली होती' असे म्हणताना त्या 'ज'मधील अनेकवचन कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

'पीपल्स'ला मात्र हा आसरा मिळत नाही, आणि याचे कारण शुद्ध व्याकरणाचे आहे. 'टीचर', 'ऑफिसर', 'लायन' ही एकवचने आहेत. 'एस' लागून ती अनेकवचने होतात आणि तशीच विशेषणे म्हणून वापरता येतात. 'पीपल' हा शब्द लोक या अर्थी आधीच अनेकवचनी आहे. त्यास लागणारा 'एस' अनेकवचनाचा असूच शकत नाही. तो षष्ठीचाच असतो. 'मेन', 'विमेन', 'चिल्ड्रेन' या शब्दांची स्थिती तीच. चिन्ह काढून टाकले तर उरणारा शब्द लोक या अर्थाचा न राहता 'निरनिराळे लोकसमूह' किंवा 'राष्ट्रे' या अर्थाचा होतो. 'एस'नंतर चिन्ह दिले तरी तोच अर्थ. १९२७ च्या परिषदेत तो अर्थ निदान संभाव्य होता. नांदेडच्या महाविद्यालयात तो अभिप्रेत असण्याचे कारण दिसत नाही. रोमन लेखनात चिन्ह 'एस'पूर्वीच असावे, हे मत येथे सौजन्य बाजूस ठेवून स्पष्टपणे नोंदवितो.

केंब्रिजचे क्वीन्स कॉलेज चिन्ह 'एस'नंतर देते. १४४८ मध्ये मार्गारेट ऑफ आंजू आणि पुढे एलिझाबेथ वुडविल अशा दोन राण्यांचा त्यास आश्रय लाभला. ऑक्सफर्डचे क्वीन्स कॉलेज चिन्ह 'एस'पूर्वी देते, कारण तेथे फिलिपा ही एकच राणी. पंधराव्या शतकात हे चिन्ह इंग्रजीत नव्हतेच. नंतरच्या पिढ्यांनी आपल्या संस्थेचा इतिहास वाचला आणि तो चिन्हाच्या जागेत नोंदवून ठेवला. नांदेडला तर चिन्ह आणि इतिहास दोन्ही एकाच वेळी उपलब्ध होते.

देवनागरीत हा प्रश्न उद्भवत नाही. 'पीपल्स' हे लेखन योग्य आहे आणि त्यात चिन्ह घुसविण्याचे कारण नाही, ते मराठी लेखनपद्धतीस परके आहे. पण देवनागरीत येताना या शब्दाने आपली षष्ठी गमावली, हेही खरे. 'पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर' असे म्हणताना आपण 'चे' हा आपला प्रत्यय जोडतो, कारण आतल्या 'स'ला आपण प्रत्यय मानतच नाही. तो नावाचा भाग झाला आहे. नांदेडच्या रिक्षाचालकास 'पीपल्स' म्हटले की जागा कळते. लोकांचे काही त्यात आहे, हे कळावे अशी अपेक्षा आपण त्याच्याकडून करीत नाही आणि बहुधा विद्यार्थ्यांकडूनही नाही.

शीर्षपत्रावरील दुसरी षष्ठी

आता महाविद्यालयांच्या इंग्रजी शीर्षपत्रांकडे वळू. वरच्या ओळीत लहान अक्षरांत संस्थेचे नाव व त्यास लागलेले चिन्ह आणि 'एस', खाली मोठ्या अक्षरांत महाविद्यालयाचे नाव, ही रचना महाराष्ट्रभर रूढ आहे. नांदेडला श्री शारदा भवन एज्युकेशन सोसायटीचे यशवंत महाविद्यालय, लातूरला शिव छत्रपती शिक्षण संस्थेचे राजर्षी शाहू महाविद्यालय (१९७०) ही याच साच्यातील नावे. 'शिक्षण संस्था' या अस्सल मराठी शब्दास रोमन लिपीत इंग्रजी षष्ठी लावण्याचा हा प्रकार भाषाशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे अभ्यासावा इतका मनोरंजक आहे. प्रत्यय इंग्रजी, प्रकृती मराठी, आणि वाक्य पुरे होतच नाही; षष्ठीची ओळ अधांतरी राहून पुढच्या ओळीवर टेकते.

पीपल्स कॉलेजच्या बाबतीत या साच्याने दुहेरी षष्ठी निर्माण होते : सोसायटीचे, लोकांचे, कॉलेज. इंग्रजी व्याकरणास हे मान्य आहे. षष्ठीवर षष्ठी चढविता येते. पण अर्थाचे काय? कॉलेज लोकांचे असेल तर सोसायटीचे कसे, आणि सोसायटीचे असेल तर लोकांचे किती? १९५० मध्ये डावीकडे आलेले लोक या रचनेत पुन्हा मधल्या जागी सरकतात. व्यवहारात अनेक अनुदानित महाविद्यालयांची स्थिती अशी की वेतन शासनाचे, जुन्या इमारतीत लोकवर्गणीचा वाटा, नियंत्रण व्यवस्थापनाचे आणि पदवी विद्यापीठाची. चारही षष्ठी खऱ्या आहेत. शीर्षपत्रावर जागा मात्र एकीलाच मिळते.

मराठी फलकांवर या ठिकाणी पुष्कळदा 'संचलित' हा शब्द योजलेला असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो इंग्रजी षष्ठीहून अधिक प्रामाणिक आहे. तो चालविण्याचे कर्तृत्व सांगतो, मालकी सांगत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याची मूळ भूमिकाही हीच आहे, विश्वस्त हा मालक नव्हे. इंग्रजी शीर्षपत्रातही 'संचलित' या अर्थाचा शब्दप्रयोग सहज करता येईल. त्यात चिन्हाचा वादही उरणार नाही.

संगणकाने या वादास एक नवी बाजू आणली आहे. संकेतस्थळाच्या पत्त्यात अपॉस्ट्रॉफी चालत नाही आणि माहितीकोशात हे चिन्ह अडचणीचे ठरू शकते. त्यामुळे नोंद करणारा कर्मचारी ते गाळतो, आणि त्याला दोष देता येणार नाही. परंतु एकाच महाविद्यालयाची नोंद दोन रूपांखाली विभागली गेली की शोधनिबंध, मूल्यांकनाचे अहवाल, माजी विद्यार्थ्यांची प्रमाणपत्रे यांचा शोध घेणारा अर्धेच कागद पाहून थांबतो. मराठवाड्यातील उच्च शिक्षणाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांनी पीपल्स कॉलेजचा शोध चिन्हासह व चिन्हावाचून, असा दोनदा घ्यावा. हीच काळजी १९२७ च्या प्रजा परिषदेच्या कागदपत्रांबाबत घ्यावी लागेल. तेथे मात्र दोन शोध पुरणार नाहीत.